मिसिसिपी : कापूस आणि मताचा हक्क

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला कापसाचं नवल नसतं. तरी मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात गेलो तो कापसासाठीच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत शेअरचा जुगार रंगला, प्रेमचंद रायचंद यांचं नाव घराघरात गेलं, आणि युद्ध संपताच १८६५मध्ये सगळं कोसळलं. गोष्टीचा हा अर्धा भाग आपण शाळेत वाचतो. दुसरा अर्धा मिसिसिपी नदीच्या काठी घडला.

सुरुवात नाचेझपासून केली. नदीच्या उंच काठावरचं हे टुमदार गाव आहे. खांबाखांबांचे पांढरे वाडे, मोठमोठी झाडं. बहुतेक पर्यटक वाडे बघायला येतात. त्यातला लाँगवूड नावाचा अष्टकोनी वाडा चुकवू नये. १८६०मध्ये बांधकाम सुरू झालं, १८६१मध्ये युद्धाची बातमी आली तसे फिलाडेल्फियाहून आलेले कारागीर काम सोडून उत्तरेकडे निघून गेले. तळघर तेवढं राहण्याजोगं झालं, वरचे मजले आजही नुसत्या विटा आणि तुळया. वर मान करून पाहिलं की पोकळ घुमट दिसतो, आणि खाली त्या काळची कामाची अवजारं.

पण हे वाडे कशावर उभे राहिले ते बघायचं तर गावाच्या कडेच्या एका तिठ्यावर जावं लागतं. फोर्क्स ऑफ द रोड. दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी एक इथे भरायचा. व्हर्जिनिया, मेरीलँडकडून माणसं साखळीत बांधून शेकडो मैल चालवत आणायचे, काहींना जहाजाने. आज तिथे गवताचा एक तुकडा, काही माहितीफलक आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या लोखंडी बेड्या आहेत. बाजूने गाड्या जात असतात. मी त्या बेड्यांपाशी उकिडवा बसलो. गंजलेली कडी मनगटाच्या मापाची. इथे आईपासून मूल वेगळं करून विकलं जायचं, ही गोष्ट वाचलेली असणं वेगळं आणि ती कडी हाताला लागणं वेगळं.

ही जमीन तरी कुणाची होती? चोक्टॉ लोकांची. १८३०च्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहाने त्यांच्याकडून सुमारे १ कोटी १० लाख एकर घेतली आणि त्यांना पश्चिमेकडे हाकललं. ती जमीन कापसाखाली आली. १८६०च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ९१ हजार, त्यात गुलाम ४ लाख ३६ हजार. निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्यांच्या मालकीची! संघराज्यातून फुटताना मिसिसिपीने जे कारणांचं निवेदन काढलं, त्यात आमची बाजू गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं सरळ लिहिलं होतं. युद्ध कशासाठी झालं यावर आजही वाद घालणाऱ्यांनी ते एकदा वाचावं.

युद्धानंतरची दहा वर्षं मला सगळ्यांत चटका लावून गेली. १८७०मध्ये मिसिसिपीने हायरम रेव्हल्सना वॉशिंग्टनला पाठवलं, ते अमेरिकेच्या सिनेटमधले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. नाचेझचेच जॉन लिंच, जन्माने गुलाम, विशीतच राज्य विधानसभेचे सभापती झाले आणि १८७३मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेले. त्याच १८७३ सालात पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. ती अर्पणपत्रिका भाबडी नव्हती. ज्या क्षणी ती लिहिली गेली त्या क्षणी मिसिसिपीत ती आशा खरोखर विधिमंडळात बसलेली होती.

दोनच वर्षांत ती मोडली. १८७५च्या निवडणुकीत बंदुका घेतलेल्या टोळ्यांनी कृष्णवर्णीय मतदारांना धमकावलं, मारलं. सत्ता गोऱ्या जमीनदारांकडे परत गेली. मग १८९०च्या राज्यघटनेने त्यावर कायद्याचा शिक्का मारला. मतदानासाठी २ डॉलर कर. आणि घटनेचं एखादं कलम वाचता यावं, किंवा वाचून दाखवल्यावर त्याचा अर्थ सांगता यावा, ही अट. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार गोरा कारकून. निरक्षर गोरा पास आणि शिकलेला काळा मास्तर नापास, याची सोय एका वाक्यात झाली.

नाचेझहून विक्सबर्गमार्गे हायवे ६१ धरला की डेल्टा लागतो. मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधला गाळाचा सपाट पट्टा, नजर पोचेल तिथपर्यंत शेत. यातलं बरंच रान युद्धानंतर तोडलं गेलं आणि बटईने कसलं गेलं. जमीन मालकाची, बी-बियाणं मालकाचं, किराणाही त्याच्याच दुकानातून उधार. डिसेंबरात हिशेब, आणि वही मालकाच्या हातात. विदर्भातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

मी गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, कापूस फुटलेला. झाडांवर पान नव्हतं, कारण वेचणीआधी औषध फवारून पानं गाळतात. उभ्या काड्यांवर नुसती पांढरी बोंडं. एक अवाढव्य यंत्र ओळी खात पुढे जात होतं आणि मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे टाकत होतं. सबंध शिवारात वेचणारी एक बाई नाही. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन प्लांटेशनवर १९४४मध्ये अशी यंत्रं जाहीरपणे चालवून दाखवली. मालकाच्या हिशेबात हाताने वेचलेल्या गाठीला ३९.४१ डॉलर पडत होते, यंत्राने ५.२६. त्या आकड्यांनी लाखो माणसांना शिकागोच्या गाडीत बसवलं. आज तिथल्या जुन्या खोपटांत पर्यटक भाडं देऊन राहतात. मला तिथे रात्र काढावीशी वाटली नाही.

सम्नरचं कोर्ट पाहिलं. १९५५मध्ये १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय एमेट टिलच्या खुन्यांना सगळ्या गोऱ्या ज्यूरीने तासाभरात सोडलं ते इथे. त्याचं प्रेत जिथे सापडलं असं मानतात तिथल्या नदीकाठच्या फलकावर लोक इतक्या गोळ्या झाडत राहिले, की २०१९मध्ये बुलेटप्रूफ फलक लावावा लागला.

पण माझा पाय अडकला तो रूलव्हिलमध्ये. मताच्या हक्कासाठी लढलेल्या फॅनी लू हेमर इथल्या. वीस भावंडांतल्या धाकट्या, प्लांटेशनवर हजेरी मांडणाऱ्या. ऑगस्ट १९६२मध्ये त्या इतरांबरोबर बसने इंडियनोलाला मतदार नोंदणीला गेल्या, कलमाचा अर्थ सांगता आला नाही, नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवून चालकाला दंड केला. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा! घरी पोचल्या तर मालक दारात: नाव मागे घे, नाहीतर निघ. हेमरबाईंनी सांगितलं, मी तुमच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी नोंदणीला गेले होते. त्याच रात्री अठरा वर्षांचं घर सुटलं. पुढे १९६३मध्ये विनोनाच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं की शरीर कायमचं अधू झालं. १९६४मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्या हे सांगायला बसल्या, तर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कॅमेरे वळवायला ऐनवेळी पत्रकार परिषद घेतली. वाहिन्यांनी संध्याकाळी साक्ष दाखवलीच.

मताचा कायदा १९६५मध्ये झाला. त्याआधी राज्यातल्या कृष्णवर्णीय प्रौढांपैकी सुमारे ७ टक्के नोंदलेले होते, दोन वर्षांत ते ६० टक्क्यांच्या आसपास गेले. हेमरबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत, आणि म्हणूनच मला त्या मोठ्या वाटतात. ज्याचं पोट मालकाच्या हातात त्याचं मतही मालकाचंच, हे त्यांनी अंगावर सोसलं होतं. १९६९मध्ये त्यांनी सहकारी शेती काढली. कुटुंबाला एक डुकरीण द्यायची, पिल्लं झाली की काही परत घ्यायची आणि पुढच्या घराला द्यायची. जमीन सुमारे ६८० एकरांपर्यंत गेली, पण कर्जात ती टिकली नाही. १९७७मध्ये त्या गेल्या.

१८९०ची घटना आजही लागू आहे, दुरुस्त्यांसह. कोणत्या गुन्ह्यांनी मताचा हक्क जातो ती यादी मुळात त्याच घटनेतली. राज्यव्यापी पदासाठी एकूण मतांखेरीज बहुसंख्य मतदारसंघही जिंकावे लागण्याची अट लोकांनी २०२०मध्ये रद्द केली, आणि यादवीतल्या दक्षिणी बंडखोरांचं चिन्ह असलेला १८९४चा झेंडाही त्याच वर्षी उतरला. लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे ३८ टक्के, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तरी १८७०च्या दशकानंतर राज्यव्यापी पदावर त्यांच्यातलं कुणी निवडून आलेलं नाही.

जाणार असाल तर ऑक्टोबर गाठा आणि गाडी हवीच. नाचेझला वाड्यांच्या आधी फोर्क्स ऑफ द रोडला जा. जॅक्सनमधल्या नागरी हक्क संग्रहालयाला पूर्ण दिवस द्या, ते २०१७मध्ये उघडलं. आणि रूलव्हिल नकाशात लहान दिसतं म्हणून गाळू नका. हेमरबाईंची समाधी आणि पुतळा तिथेच आहे.