आमची वाटचाल : एका चिकट प्रथिनाच्या मागे

पुण्यातील आमची छोटी कंपनी संशोधन प्रयोगशाळांना लागणारी रिकॉम्बिनंट प्रथिने, म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेली प्रथिने, तयार करते, आणि मानवी एमयूसी-१ या म्यूसिनचा (शर्करांनी लगडलेल्या चिकट प्रथिनाचा) पेशीबाहेरचा भाग हे आज तिचे मुख्य उत्पादन आहे. सुरुवातीला आम्ही जिवाणूंमध्ये सहज तयार होणारी, सर्वांकडे मिळणारी प्रथिनेच विकत होतो. त्या मालात परदेशी कंपन्यांशी किमतीवर टक्कर देणे आमच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून ज्याच्या वाटेला इतर लोक फारसे जात नाहीत असे एखादे कटकटीचे प्रथिन धरावे, असे आम्ही ठरवले.

एमयूसी-१ हे स्तन, स्वादुपिंड, फुप्फुस अशा अवयवांच्या अस्तरपेशींवर असते. २० अमिनो आम्लांचा एकच तुकडा त्यात एकापुढे एक अनेकदा येतो, पुनरावृत्तींची ही संख्या व्यक्तीगणिक बदलते, आणि प्रत्येक तुकड्यात शर्करासाखळी जोडली जाऊ शकेल अशा ५ जागा असतात. कर्करोगाच्या पेशींत या साखळ्या आखूड राहतात व एरवी झाकलेला प्रथिनाचा कणा उघडा पडतो. स्तनाच्या कर्करोगात रक्ताची जी सीए १५-३ चाचणी करतात, ती हेच प्रथिन मोजते. साहजिकच प्रतिपिंडांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना ते शुद्ध स्वरूपात हवे असते.

अडचण जनुकापासूनच सुरू होते. सारखा क्रम पुन्हा पुन्हा आला की, ज्यात जनुकाच्या प्रती काढतात तो इ. कोलाय हा जिवाणू त्यातील काही भाग गाळून टाकतो आणि प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे कडे) परत काढल्यावर त्यात घातलेला जनुकाचा तुकडा आखूड झालेला दिसतो. यावर उपाय म्हणून अमिनो आम्ले तीच ठेवून प्रत्येक पुनरावृत्तीतील कोडॉन (अमिनो आम्ल ठरवणारी डीएनएची तीन अक्षरे) वेगवेगळे निवडले, पुनर्संयोजन, म्हणजे सारख्या तुकड्यांची आपसांतली अदलाबदल, कमी करणारा जिवाणूचा वाण घेतला आणि तो ३० अंशांवर वाढवला. पुढे एसईए नावाचा जो भाग स्वतःच ग्लायसिन व सेरिन यांच्यामध्ये तुटतो, त्याच्या अलीकडेच आम्ही आमची रचना थांबवली.

इ. कोलायमध्ये हे प्रथिन स्वस्तात बनते, पण त्यावर साखर चढत नाही. आणि साखरेवाचून म्यूसिन म्हणजे फुलांवाचून गजऱ्याचा नुसता दोरा. त्यामुळे खर्च कितीतरी वाढणार हे दिसत असूनही आम्ही मानवी मूत्रपिंडापासून आलेल्या एचईके २९३ पेशी निवडल्या. रिकॉम्बिनंट डीएनएच्या कामासाठी १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. ती आम्ही रीतसर स्थापन केली. कागदपत्रांना वेळ लागला, तरी पेशींच्या मानाने तो भाग सोपाच म्हणावा लागेल.

आमची खरी ओळख मात्र मोजमापातून झाली. प्रथिनाची मात्रा मोजताना बहुतेक जण २८० नॅनोमीटरवर शोषण पाहतात. हे शोषण मुख्यतः ट्रिप्टोफॅन व टायरोसिन यांच्यामुळे होते आणि एमयूसी-१ च्या २० अमिनो आम्लांच्या तुकड्यात या दोहोंपैकी एकही नाही. म्हणजे कुपीत भरपूर प्रथिन असूनही यंत्र जवळजवळ रिकामी कुपी दाखवते. म्हणून आम्ही प्रत्येक लॉटचे अमिनो आम्ल विश्लेषण करून घेतो आणि प्रमाणपत्रावर तोच आकडा छापतो. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलचीही तीच तऱ्हा आहे. प्रथिने रंगवणाऱ्या कूमासी रंगात नेटकी पट्टी न दिसता अपेक्षेच्या बऱ्याच वर एक फिकट, पसरट डाग दिसतो आणि ‘सर, माल खराब आलाय’ असा फोन येतो. शर्करा रंगवणाऱ्या पिरिऑडिक आम्ल-शिफ पद्धतीने तेच जेल रंगवले की तो डाग गडद किरमिजी उठतो. आता दोन्ही जेलांची छायाचित्रे आम्ही मालासोबतच पाठवतो आणि असे फोन बरेच कमी झाले आहेत.

काही ग्राहकांना कर्करोगातल्यासारखी आखूड साखळीच हवी होती. त्यासाठी कॉस्मसी हे जनुक निकामी केलेल्या पेशींत आम्ही दुसरा प्रकार बनवला. त्यात साखळी पहिल्या शर्करेपुढे नेहमीसारखी वाढत नाही. एसएम३ हा प्रतिपिंड पूर्ण साखळ्यांच्या प्रथिनाला कमी व या प्रकाराला अधिक चिकटतो, हे आम्ही प्रत्येक लॉटमध्ये तपासतो. खप मात्र अजून पहिल्याच प्रकाराचा जास्त आहे.

माल कोरड्या भुकटीच्या रूपात जातो, त्यामुळे सुक्या बर्फाचा खर्च वाचतो. झाकणाला चिकटलेली भुकटी खाली यावी म्हणून कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, ही सूचना आम्ही ठळक छापतो, तरी ती वाचणारे थोडेच. उत्पादन केवळ संशोधनासाठी आहे, निदानासाठी नाही, हेही लेबलवर असते. रुग्णाच्या नमुन्यावर वापरण्यासाठी कोणी मागितले तर आम्ही नकार देतो. मागणीचा जोर मार्चअखेरीस, अनुदान संपवण्याच्या घाईत येतो आणि पैसे सावकाश येतात. त्यामुळे वर्षातून थोडेच मोठे लॉट करून ठेवणे आम्हाला परवडते.

सध्या एमयूसी-१६ वर काम चालू आहे. अंडाशयाच्या कर्करोगात मोजला जाणारा सीए १२५ तो हाच. त्याची एकेक पुनरावृत्ती सुमारे १५६ अमिनो आम्लांची असल्याने संपूर्ण प्रथिन बनवण्याचा विचारही आम्ही करत नाही; मोजक्या पुनरावृत्तींचा तुकडाच घेतला आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेला ओसी १२५ हा प्रतिपिंड त्याला लॉटमागून लॉट सारखाच चिकटतो, हे सिद्ध होईपर्यंत तो आमच्या किंमतयादीत येणार नाही.