सकाळी चोडण, रात्री बागा: भरतीचं गणित आणि दहाचा ठोका

गोव्यात एकाच दिवसात पक्षी अभयारण्य आणि बागा किनाऱ्यावरची रात्र दोन्ही आरामात बसतं. बिघडतं ते बहुतेक एकाच कारणानं. लोक हॉटेलच्या नाश्त्यानुसार दिवस लावतात, आणि मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य चालतं भरती-ओहोटीवर.

त्यामुळे तारीख ठरवण्याआधी पंचांग उघडा. तिथीला पाऊणनं गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशोब. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. दोन्ही पंधरवड्यांना हेच लागू. मांडवीत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून आदल्या रात्री मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता पाहून घ्यावा. आम्ही दशमी ते द्वादशी हेच दिवस धरतो: सकाळी भरतीच्या पाण्यात होडी, आणि उतरतं पाणी चिखल उघडा करायला लागलं की पायवाट. अष्टमीला भरती सहालाच होऊन जाते. आठला पोचलात तर खाडीतलं पाणी उतरायला लागलेलं असतं आणि होडीवाला आतल्या फाट्यात शिरायला नाखूश असतो. त्याचं बरोबर आहे, गाळात रुतलेली होडी पुढच्या भरतीशिवाय हलत नाही.

पणजीहून रायबंदरकडे जाणारा रस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेल्या पुलावरून, मिठागरांच्या कडेनं जातो. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट. इथे आता रो-रो (रोल-ऑन रोल-ऑफ, गाडी सरळ चालवत चढा-उतरायची) पद्धतीची मोठी बोटही आली आहे. जुन्या फेरीत गाडी चढवताना एक लक्षात ठेवा: ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र असतो आणि खालचा भाग शेवाळानं निसरडा. पहिला गिअर, ब्रेकवर एकदम पाय नाही. खाली बसकी गाडी असेल तर पुढचा बंपर घासतो, तेव्हा शक्यतो भरतीलाच चढवा. बोटीत हँडब्रेक ओढून इंजिन बंद.

अभयारण्य धक्क्याला लागूनच आहे. १९८८ मध्ये जाहीर झालेलं, जेमतेम १७८ हेक्टरांचं. ताडोबाच्या हिशेबानं पाहायला गेलात तर अर्ध्या तासात संपेल. इथे थांबून बघायचं असतं. चिखलातून पेन्सिलीसारखी टोकं वर आलेली दिसतात ती तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळं. गाळात प्राणवायू नसतो, म्हणून झाड तो हवेतून घेतं. तिवराचं पान बोटानं पुसून जिभेला लावा, खारट लागतं. जास्तीचं मीठ ते पानातून बाहेर टाकतं. पाणी उतरलं की निवटे बाहेर येतात. हा मासा ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, म्हणून दर थोड्या वेळानं डबक्यात लोळून अंग ओलं करतो. त्याच्यावर टपलेली ढोकरी (लहान बगळा) इतकी निश्चल असते की आधी मूळ वाटते. खंड्या, ब्राह्मणी घार, राखी बगळे दिसतात. नशीब असेल तर ऊद किंवा मगर. मगरीसाठी पाण्याकाठी उतरू नका, एवढं सांगायची वेळ येऊ नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, कारण स्थलांतरित पक्षी तेव्हा असतात. मातकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम हवंच.

परतताना पणजीत शिरू नका. चोडणच्या दुसऱ्या अंगाला पोंबुर्प्याची फेरी आहे. तिथून म्हापशाच्या बाजूनं बागा पंधराएक किलोमीटर. वाटेत जेवून घ्या. दुपारी एक ते चार अनेक दुकानं बंदच असतात.

कळंगुट-बागा रस्ता शनिवारी संध्याकाळी तुंबतो. गाडी सहाच्या आत मुक्कामी लावा आणि रात्रभर विसरा. भाड्याची स्कूटर घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत का बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि अडवल्यावर भुर्दंड तुमच्या माथी येतो.

रात्रीचं घड्याळ वेगळं. उघड्यावरचे ध्वनिवर्धक कायद्यानं दहाला थांबायला हवेत, म्हणून किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा उपाहारगृहात, आठ ते दहा बसा आणि मग गल्लीतल्या बंदिस्त क्लबकडे वळा. वय २१ पूर्ण असल्याचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. दारात दोन गोष्टी विचारा: एकट्या पुरुषांना प्रवेश आहे का, आणि प्रवेशशुल्कातले किती पैसे पेयांत वळते होतात. रस्त्यावर हात धरून ‘फ्री एन्ट्री’ म्हणणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. आत गेल्यावर दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघा. डिसेंबर २०२५ मध्ये जवळच्याच हडफडे गावात नाइटक्लबच्या आगीत २५ जण दगावले.

अंधारात समुद्रात उतरू नका. नदीच्या मुखाशी ओढ जोरदार असते आणि जीवरक्षक संध्याकाळीच निघून जातात. ओला-उबर इथे मिळत नाही. बिल मागवण्याआधीच ‘गोवा माइल्स’ या अ‍ॅपवर टॅक्सी शोधायला लागा, आणि गल्लीच्या तोंडाशी नव्हे तर मुख्य रस्त्यावर बोलवा. गर्दीत ती आत येतच नाही.