कीप लेफ्ट, बाबा!

बाबा मेलबर्नला तीन आठवडे होते. समुद्र, पेंग्विन, द्राक्षमळे, सगळं झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक शनिवार मात्र डोक्यातून जात नाही.

बेलग्रेव्हच्या गाडीने अप्पर फर्नट्री गलीला उतरून आम्ही 'थाउजंड स्टेप्स' चढायला गेलो. नावात हजार, खऱ्या पायऱ्या आठशेच्या आतच. मी तिथे दोन वर्षं जातेय, फक्त घाम गाळायला. शनिवारी नुसती जत्रा असते. कानात गाणी, नजर मनगटावरच्या मिनिटांवर, आणि मीही त्यातलीच.

वाटेत कोकोडाच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पापुआच्या डोंगरात झालेल्या लढाईच्या, पाट्या आहेत. या वाटेचं नावच कोकोडा ट्रॅक मेमोरियल वॉक. बाबा प्रत्येक पाटीशी थांबून एकेक शब्द लावत वाचायचे. मागून आवाज आला, "कीप लेफ्ट, मेट!" मी ओशाळले.

"बाबा, चला ना, लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. वर काय दर्शन बंद होतंय?"

(हेच बाबा दर रविवारी सिंहगड किती मिनिटांत चढले ते फोनवर सांगतात. तानाजीच्या समाधीचा उल्लेख त्यात कधी नसतो. पण तेव्हा हे बोलायची हिंमत झाली नाही.)

वर बाकावर टेकल्यावर म्हणाले, "ती 39वी बटालियन, ती इथलीच ना पोरं?" मी मोबाइल काढून वाचून दाखवायला लागले. हो, इथलीच, व्हिक्टोरियाची. 1941च्या ऑक्टोबरात उभी केलेली राखीव तुकडी, बरीचशी पोरं अठरा-एकोणीसची. नियमित सैन्यातले त्यांना 'चॉकलेट सोल्जर' म्हणून चिडवायचे, म्हणजे उन्हात वितळणारे. जुलै 1942मध्ये जपानी फौज पापुआत उतरली, तेव्हा ओवेन स्टॅनली डोंगररांगेच्या चिखलात त्यांना अडवणाऱ्या पहिल्या ऑस्ट्रेलियन तुकड्यांत हीच पोरं होती. कोकोडात त्यांचा कमांडर विल्यम ओवेन मारला गेला. पुढे त्याच्या जागी राल्फ हॉनर आला. ऑगस्टअखेर इसुरावा गावापाशी तुकडी जेमतेम तग धरून होती, आणि तीसेक आजारी-जखमी पोरांना मागे पाठवलं होतं. आपली तुकडी कोंडीत सापडलीय हे वाटेत कळल्यावर त्यातले 27 जण उलटे फिरले. परत वर, लढायला.

बाबा बराच वेळ गप्प. मग, "आणि उरलेले तीन?"

"एकाचं पाऊल गेलेलं, एकाच्या घशात गोळी, एकाचा हात कोपराखाली उडालेला."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "त्यांना सूट."

मला हसू आलं, आणि लगेच आवंढाही.

उतरताना लायरबर्ड ट्रॅकने गेलेलं गुडघ्यांना बरं असतं. मी तसं सुचवलंही. पण दोन पाट्या घाईत नीट वाचायच्या राहिल्या होत्या, म्हणून बाबा पायऱ्यांनीच उतरले, चढणाऱ्या गर्दीच्या तोंडावर. मी त्यांच्या मागे उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला 'सॉरी, सॉरी' म्हणत होते. मधेच मनगटावरच्या घड्याळाने विचारलं, व्यायाम संपला का? मी 'हो' दाबून टाकलं.