तेरा सेंटिमीटरचा पाइप : आमची वाटचाल

वागळे इस्टेटमधला गाळा आजही तोच आहे, पाटी तेवढी तीनदा रंगवली. आकाशगंगेतल्या हायड्रोजनची 1420 मेगाहर्ट्झची रेडिओ रेषा पकडणारे हॉर्न, म्हणजे एका टोकाला झाकण लावलेल्या पाइपाचे अँटेना, आम्ही बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजं.

पहिला पीओ (खरेदीची ऑर्डर) सहा नगांचा होता. 13 सेंटिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियम पाइप भंगारात स्वस्त मिळाला. कटऑफ काढली, म्हणजे जिच्याखालची लहर पाइपातून जातच नाही ती फ्रिक्वेन्सी: 1352 मेगाहर्ट्झ. आपलं काम 1420 ला, म्हणजे वरच आहे की! तिथेच फसलो. कटऑफजवळ पाइपातली तरंगलांबी ताणते. बाहेर 21 सेंटिमीटर, आत जवळपास 69. प्रोब, म्हणजे लहर टिपणारी आतली तार, मागच्या झाकणापासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे सतरावर हवा होता. मी हवेतला हिशेब धरून सव्वापाचावर बसवला. त्यात भंगारातला पाइप, कुठे दबलेला. व्यास एक मिलिमीटर घटला तर आतली तरंगलांबी सहाएक सेंटिमीटर वाढते. सहा हॉर्नांचे सहा स्वभाव!

पाच परत आले. भाडं थकलं. शेजारच्या गल्लीतल्या एकाने (नाव घेत नाही, प्रोब टाकायला तो आमच्याच बाकावर चहा पीत शिकला) कॉलेजांत सांगत फिरून आमची अब्रू काढली. त्याच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर ‘1420 पर्यंत’ लिहिलेलं असायचं. त्या टोकाला गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) उतरलेला, नॉइज (खरखर) चढलेला. पण तो एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी भाव भरणारा, त्याचा माल कोण परत पाठवणार?

सहावा हॉर्न डोंबिवलीच्या एका सरांकडे होता. त्यांनी परत केला नाही. एका शनिवारी व्हीएनए (अँटेना तपासायचं यंत्र) पिशवीत घालून लोकलने गाळ्यावर आले, रिटर्न लॉस, म्हणजे किती सिग्नल उलटा परततो ते, बघितला आणि म्हणाले, “प्रोब सरकवून किती सरकवाल? पाइप बदला.” 15 चा पाइप आणला. कटऑफ 1171, प्रोब 9.3 वर. लेथवरच्या काकांनी झाकण असं बसवलं की कागद जाईना. सरांनी बाकीचे पैसे त्याच दिवशी दिले. पुढे आकाशगंगा डोक्यावर आली त्या रात्री कॉलेजच्या गच्चीवर रेषेचा उंचवटा दिसला.

नंतरची वर्षं ऑर्डरी आल्या, माल गेला.

नव्या पोरांनो, कोटेशनवरचं ‘पासून-पर्यंत’ वाचून माल घेऊ नका, टोकाचा ग्राफ मागा. खोडदच्या जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा वरचा बँडही 1450 ला संपतो, 1420 तिथेही कडेलाच. पण ते बँडपास, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला गेन किती ते, मोजून दुरुस्त करतात. तुम्ही मोजता का?

उरलेल्या 13 च्या तुकड्यात काका फायली उभ्या ठेवतात.