आता नीट जेवता ना, मग औषध कशाला?

जेवायला बसलं की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

‘नीट जेवते’ म्हणजे काय? पूर्वी मी घासागणिक पाणी प्यायचे, कोरडं काही असलं की बारीक तुकडे करायचे, सगळ्यांच्या शेवटी उठायचे. तेव्हाही तुम्ही म्हणायचात, किती शांतपणे जेवते! मलाही तो माझा स्वभावच वाटे.

मग एक घास छातीच्या मधोमध अडकला. श्वास चालू, बोलता येत होतं, त्यामुळे कुणाला घाई वाटेना. पाणी प्यायले, ते तसंच वर आलं. थोड्या वेळाने लाळही गिळता येईना. एरवी आपण ती सारखी गिळत असतो हे लक्षातच येत नाही. भांडं हातात धरून थुंकत बसले. “थांब जरा, जाईल आपोआप,” म्हणणारे तुमच्यातलेच होते. नाही गेला. रात्री दुर्बीण घालून काढावा लागला. काढणाऱ्यांनी बायोप्सी, म्हणजे तपासायला आतल्या अस्तराचा तुकडा, घेतलीच नाही. सावकाश चावून खा म्हणाले आणि घरी पाठवलं. घास निघाला, हे मात्र मला अजून पचलेलं नाही.

पुढच्या डॉक्टरांनी अन्ननलिकेच्या वरच्या आणि खालच्या भागातून मिळून ६ तुकडे घेतले. नळी दिसायला ठीक असली तरी घ्यावेच लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली एका दृश्यक्षेत्रात १५ इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसल्या तरी या आजाराचा संशय पक्का होतो; माझ्या त्याहून बऱ्याच जास्त होत्या. इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे या पेशींमुळे अन्ननलिकेला येणारी सूज.

औषध म्हणजे दम्यात ओढतात तसलंच स्टेरॉइड, फक्त मी ते दाट करून गिळते. नळीला चिकटून राहावं म्हणून नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. बंद केलं की बहुतेकांची सूज परत येते, आणि ती त्रास न देताही आत असू शकते. वर्षानुवर्षं राहिली तर नळी अरुंद होते. तेव्हा मला बरं वाटतंय, याला पुरावा म्हणू नका.

“दूध सोडून बघ,” असंही तुम्ही म्हणता. हे अगदीच खोटं नाही, सर्वांत जास्त वेळा दूधच कारण निघतं, मग गहू, अंडी. पण ॲलर्जीच्या रक्तचाचणीवरून ते भरवशाने कळत नाही. त्यासाठी पदार्थ सोडा, दुर्बीण. परत खा, परत दुर्बीण. रोज स्टेरॉइड घेण्यापेक्षा ते बरं, असं पूर्वी मीच ठणकावून सांगायचे. आता पूर्वीच्या त्या मलाच म्हणते, मग दुर्बिणीला तूच जा. तिचं म्हणणं खोडता येतं असंही नाही. औषध की पदार्थ सोडणं, डॉक्टरांनी विचारलंय, मी अजून उत्तर दिलेलं नाही.