द्राक्षाच्या ओळीला गुलाबाचा पहारा : गिरगाव ते नाशिक

मार्गशीर्षातल्या एका ढगाळ सकाळी मी आणि मावशी सीएसएमटीहून तपोवन एक्सप्रेसने नाशिकला निघालो. मावशी गिरगावच्या चाळीत, गॅलरीच्या कठड्यावर, कित्येक वर्षे गुलाब लावते. द्राक्षबागेत ओळीच्या टोकाला गुलाब का लावतात, हे तिला प्रत्यक्ष पाहायचे होते. कसारा घाट ओलांडल्यावर मुंबईची अंगाला चिकटणारी हवा मागे पडली आणि मावशीने शाल अंगावर घेतली.

गंगापूर धरणाच्या बाजूला ओळखीच्या एका बागायतदारांची वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. तारांवर चढवलेल्या वेली, छाटणीनंतर फुटलेल्या काड्या, त्यांवर नुकतेच धरलेले मोहरीएवढे मणी आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी खांबालगत एकेक लाल गुलाब.

"गुलाबावर भुरी, म्हणजे ती पांढरी बुरशी, दिसली की द्राक्षावर येणार, असं म्हणतात ना हो?" मावशीने विचारले.

"मावशी, गुलाबाची भुरी गुलाबापाशीच राहते. पण हवा दोघांना एकच लागते," बागायतदार म्हणाले.

हे उत्तर मला फार नेमके वाटले. द्राक्षावरील भुरी एरिसायफी नेकेटर या बुरशीमुळे येते, तर गुलाबावरची पोडोस्फेरा पॅनोसामुळे, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे लागण होत नाही. मात्र उबदार, दमट, ढगाळ हवा दोन्ही बुरशींना मानवते आणि रुजायला पानावर पाणी साचावेच लागते असे नाही, म्हणून गुलाबाचे पान पांढुरके दिसले की वेलीची पाने निरखण्याची वेळ आली, एवढेच त्यातून समजायचे. शिवाय गुलाबाच्या काही जाती भुरीला सहजासहजी बळी पडत नाहीत. तसा गुलाब लावला, तर पहारेकरी झोपलेलाच असणार. इंग्लंडमध्ये 1845 साली द्राक्षावर भुरी आढळली आणि पुढे फ्रान्सच्या बागाही तिने पोखरल्या, तेव्हा कामी आला तो गंधक. या बागेतही गंधकाच्या फवारणीचा निर्णय गुलाब पाहून होत नाही. बागायतदार रोज सकाळी वेलीच्या दाट पानांत हात घालून आतली पाने आणि घडांचे देठ तपासतात.

औताचे घोडे वळताना टोकाची वेल तुडवू नयेत म्हणून युरोपात काटेरी झुडूप लावत, अशीही एक कथा सांगतात. ती मला अधिक पटली, पण इथे ट्रॅक्टर चालतो आणि गुलाब बहुतांशी पाहुण्यांच्या फोटोंसाठी फुलतो, हे बागायतदारांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले.

गुलाबाचा तोटाही आहे, आणि तो कौतुकाच्या भरात कोणी बोलत नाही. फुलकिडे दोन्ही झाडांवर पोसले जातात. कोवळ्या मण्यांवर त्यांनी खरवडले की डाग राहतात. दुर्लक्षित गुलाब म्हणजे या किडीला फुकटचे बिऱ्हाड, म्हणून ओळीच्या टोकाची झुडपेही वेलीइतकीच वरचेवर पाहावी लागतात.

परतीच्या गाडीत मावशीने गॅलरीत एखादी वेल लावण्याचा बेत मांडला. गिरगावच्या पावसात तिच्या गुलाबांवर येतात ते भुरीपेक्षा काळे ठिपके, कारण त्या बुरशीला तासन्‌तास ओले पान हवे असते. द्राक्षाच्या पानांवर येणाऱ्या केवडा या दुसऱ्या रोगालाही ओले पानच लागते. तेव्हा मुंबईत काळे ठिपके दिसले, तर वेलीवर भुरीऐवजी केवडा शोधावा आणि त्यासाठी पान उलटून खालची बाजू पाहावी, असे मी तिला सांगितले. तिने वेलीचा बेत सोडला नाही, फक्त पावसाळ्यानंतर लावायचे ठरवले.