आमची वाटचाल: बर्नरवरून भट्टीकडे

आमचं वर्कशॉप मूळचं प्रयोगशाळेच्या काचसामानाचं. वडिलांनी पुण्यात सुरू केलं. बोरोसिलिकेटची, म्हणजे आच सोसणाऱ्या काचेची, तयार नळी बर्नरवर तापवायची, फिरवत राहायची, फुंकायची आणि फ्लास्क, कंडेन्सर घडवायचे. माझाही हात यातच बसला.

रोमन काचेकडे वळलो ते पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका बाईंमुळे. मुलांच्या हातात देता येईल अशी, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या घडणीची अत्तरकुपी त्यांना हवी होती, आणि तीही तेव्हाच्याच रीतीनं केलेली. त्यासाठी छोटी भट्टी बांधली.

काच फुंकण्याची सुरुवातही बहुधा नळीपासूनच झाली. जेरुसलेमच्या उत्खननात इ.स.पू. 50 च्या आसपासच्या कचऱ्यात एक टोक बंद करून फुगवलेल्या काचेच्या नळ्या मिळाल्या आहेत. पुढे फुंकणी आली आणि काच सामान्यांच्या घरात पोचली. रोममध्ये तांब्याच्या एका नाण्याला काचेचा पेला मिळतो, असं स्ट्रॅबो या त्या काळच्या ग्रीक भूगोलकारानं लिहून ठेवलंय.

कुपीचं काम बघत राहावं असं. फुंकणीच्या टोकावर मधासारखी दाट काच गुंडाळून घ्यायची, गुळगुळीत फरशीवर लोळवायची, फुंकायची, मान चिमट्यानं आवळायची. फुंकणीवरून सुटली की तोंड परत आचेला दाखवून कड आत दुमडायची. ही दुमड नीट बसली तरच कुपी रोमन दिसते. मग रात्रभर सावकाश थंड होऊ द्यायची, नाहीतर तडकते.

रंगाचं तेवढंच महत्त्व. रोजच्या वापरातली रोमन काच निळसर हिरवी, कारण काच ज्या वाळूपासून बनते तिच्यातलं लोह. वाळू आजच्या इस्राएलमधल्या अक्कोजवळच्या बेलस नदीची नावाजलेली, वाळू वितळायला मदत करणारा सोडा इजिप्तच्या वादी नत्रूनचा. बाजारातली स्वच्छ काच इथे चालतच नाही, आम्ही तिच्यात चिमूटभर लोहाची भुकटी घालतो. त्या काळी रोमन जगातली कच्ची, न घडवलेली काच भरूचच्या बंदरातही उतरत असे, आणि पैठण-तेरचा माल त्याच बंदराकडे जाई. हे सांगितलं की गिऱ्हाईक कुपी हातात घेऊन पुन्हा निरखतं.

माझा सगळ्यात आवडता कारागीर एनियन, पहिल्या शतकातला. तो साच्यात काच फुंकायचा आणि साच्यातच ग्रीक अक्षरांत ‘एनियननं बनवलं’ असं कोरायचा. काही भांड्यांवर दुसऱ्या बाजूला ‘घेणाऱ्याची आठवण राहो’ असंही आहे. धंदा करणाऱ्यानं गिऱ्हाइकासाठी याहून सुंदर काय लिहावं! आमच्या साच्यांतही आता हेच वाक्य मराठीत कोरलेलं असतं.

सध्या चौकोनी रोमन बाटली चालू आहे. बुडावर एकात एक वर्तुळं उठतात, ती साच्याच्या दगडी तळातून. बाजूच्या फळ्या लाकडी, पाण्यात भिजवलेल्या. रेघारेघांचा रुंद कान खांद्यावर चिकटवून मानेपर्यंत एका ओढीत न्यावा लागतो. तो आता जमू लागलाय, आणि मोठ्या मापाचा साचा सुताराकडे दिलाय.